७० जण, ४ जीपीयू आणि नवीन सर्व्हरला पैसे नाहीत: वाटप कसं बसवावं?

रिकामी_रांग

विद्यापीठातल्या एका विभागाची सामायिक यंत्रणा आहे. ३२ कोअर आणि १२८ जीबी मेमरीचे ४ नोड (म्हणजे सर्व्हर), शिवाय ६४ कोअर, २५६ जीबी आणि ४ जीपीयूंचा (ग्राफिक्स कार्डांचा) एक नोड. एनएफएसवर (सगळ्या नोडना दिसणारी सामायिक डिस्क) ४० टीबी जागा, त्यातली ९३ टक्के भरलेली. वापरणारे ७० च्या आसपास: प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी, एमएस्सीचे दोन वर्ग. सध्या कुणीही एसएसएचने (दुरून लॉगिन करून) थेट नोडवर शिरतो आणि नोहप लावून (बाहेर पडल्यावरही चालत राहील असा) प्रोग्राम सोडून देतो. जीपीयू कुणाला मिळणार हे ग्रुपवर ठरतं, म्हणजे आधी ओरडेल त्याला. पुढची दोन वर्षं खरेदीला मंजुरी नाही, फार तर थोड्या डिस्क मिळतील. स्लर्म (कामं रांगेत लावून नोड वाटून देणारं सॉफ्टवेअर) बसवायचं ठरलंय. सुरुवात कुठून करावी? आणि माणशी महिन्याला अमुक तास असा कोटा ठेवावा का?

कोअर_मोजणी

कोट्याचं नंतर. आधी मागचं दार बंद करा. नोडवर थेट एसएसएच चालत असेल तर स्लर्म असून नसल्यासारखं. पॅम-स्लर्म-अडॉप्ट हे मॉड्यूल लावा. मग ज्याचा जॉब (स्लर्मकडे दिलेलं काम) त्या नोडवर चालू आहे त्यालाच आत जाता येतं, आणि त्याचं सेशनही त्याच जॉबच्या मर्यादेत मोजलं जातं.

बसवण्याआधी सगळ्या नोडवर यूआयडी (वापरकर्त्यांचे क्रमांक) एकच आहेत का आणि घड्याळं जुळतात का ते पाहा. मंजची (स्लर्मसाठी ओळख पटवणारी सेवा) ओळखचिठ्ठी डिफॉल्टने ५ मिनिटं चालते. घड्याळ त्याहून जास्त सरकलं की नोडशी बोलणंच तुटतं आणि आपण उगाच केबल तपासत बसतो. क्रोनी (घड्याळं जुळवणारी सेवा) चालू ठेवलं की झालं.

आता मेमरी, कारण नव्या मांडणीत सगळ्यात जास्त वाया जाते ती इथेच. कोअर आणि मेमरी दोन्ही मोजायला सांगितलं (सांगायलाच हवं), पण डेफ-मेम-पर-सीपीयू (कोअरमागे डिफॉल्ट मेमरी) भरलं नाही, तर मेमरी न लिहिलेला एका कोअरचा जॉब अख्ख्या नोडची मेमरी घेऊन बसतो. ३१ कोअर मोकळे दिसतात आणि रांग हलत नाही. तुमच्या ३२ कोअरच्या नोडवर रिअल-मेमरी (नोडची मेमरी म्हणून स्लर्मला सांगायचा आकडा) १,२०,००० एमबी आणि कोअरमागे ३,७०० एमबी ठेवा. रिअल-मेमरीत पूर्ण १२८ जीबी लिहू नका. नोडने स्वतः कळवलेला आकडा कॉन्फिगमधल्या आकड्यापेक्षा कमी निघाला तर नोड ड्रेन होतो, म्हणजे त्याला नवे जॉब मिळत नाहीत.

आकडे लिहून भागत नाही, ते सी-ग्रुपने (लिनक्समधली मर्यादा घालायची सोय) लादावे लागतात. रॅम, कोअर आणि डिव्हाइस, तिन्हींची बंधनं चालू करा. डिव्हाइसचं विसरतात लोक. मग स्लर्मने तुम्हाला २ नंबरचा जीपीयू दिलेला असतो आणि इंटरनेटवरून उचललेल्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत कुडा-व्हिजिबल-डिव्हायसेस बरोबर ० (म्हणजे ‘पहिलाच जीपीयू वापर’) लिहिलेलं असतं. जॉब शेजाऱ्याच्या कार्डावर जाऊन बसतो, आणि ‘आउट ऑफ मेमरी’ने मरतो तो शेजारी.

वेळेची डिफॉल्ट मर्यादा १ तास ठेवा, कमाल जीपीयूला २४ तास आणि बाकीच्यांना ७२. डिफॉल्ट मुद्दाम तोकडं, म्हणजे प्रत्येकाला अंदाज लिहावाच लागतो. बॅकफिल मधल्या फटींत छोटे जॉब बसवतं ते याच अंदाजांच्या जोरावर. सगळ्यांनीच ७२ तास लिहिले तर फट दिसतच नाही.

अर्धायुष्य

वरच्याशी सहमत. तासांच्या कोट्याबद्दल मी लिहितो: नको.

महिन्याच्या २० तारखेला निम्म्यांचे तास संपतात आणि यंत्र रिकामं घरघरत राहतं. उरलेल्यांना ते तास त्या दिवसांत नकोच असतात. वाया गेलेला जीपीयू-तास पुढच्या महिन्यात परत मिळत नाही. फेअरशेअर वापरा, म्हणजे आतापर्यंतच्या वापरावरून रांगेतला क्रम ठरतो. डिफॉल्ट अर्धायुष्य ७ दिवसांचं आहे: आठवड्यापूर्वीचे १०० तास आज ५० धरले जातात, दोन आठवड्यांपूर्वीचे २५. जास्त वापरलेला मागे सरकतो, पण रांगेत दुसरं कुणी नसेल तर त्याचाही जॉब लगेच सुरू होतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. पुढचा कोण एवढंच फेअरशेअर ठरवतं, चालू जॉबला ते उठवत नाही. म्हणून क्यूओएसमध्ये (गटागटाला मर्यादा लावायची स्लर्मची सोय) एका वेळी माणशी २ जीपीयू, एमएस्सीच्या वर्गांना १, अशी मर्यादा हवीच. आणि अकाउंटिंग-स्टोरेज-एन्फोर्स या सेटिंगमध्ये ‘लिमिट्स’ आणि ‘क्यूओएस’ लिहिल्याशिवाय या मर्यादा नुसत्या कागदावर राहतात. एरर येत नाही, फक्त काही घडत नाही.

जीपीयू नोडचं खरं दुखणं वेगळं आहे. बिलिंगचे भार (कशाचा वापर किती धरायचा ते) दिले नाहीत तर स्लर्म फक्त कोअर मोजतं, म्हणजे १ कोअर आणि ४ जीपीयू अडवणाऱ्याच्या नावावर १ पडतो. तुमच्या नोडवर एका जीपीयूच्या वाट्याला १६ कोअर आणि ६४ जीबी येतात. तेव्हा भार असे: कोअर १, दर जीबी ०.२५, जीपीयू १६. सोबत मॅक्स-ट्रेस हा फ्लॅग, म्हणजे तिन्हींची बेरीज न होता सर्वांत मोठा आकडा धरला जातो. एकाने १ जीपीयू, ८ कोअर आणि २०० जीबी मागितले: ८, ५० आणि १६ पैकी ५० त्याच्या खाती. बरोबरच आहे, कारण उरलेले ३ जीपीयू चालवायला त्याने मेमरी ठेवलीच नाही. पार्टिशनमध्ये (स्लर्ममधली एकेक वेगळी रांग) जीपीयूमागे डिफॉल्ट १६ कोअर आणि ६०,००० एमबी लिहा, निम्मे जण काही न लिहिताच शहाण्यासारखे वागतील.

ज्युपिटरसाठी (ब्राउझरमधल्या नोटबुकांसाठी) वेगळं पार्टिशन करा, १ जीपीयू आणि ४ तास. नोटबुक उघडी ठेवून माणूस जेवायला जातो आणि कार्ड अडकून राहतं.

फाइल_झाडूवाला

९३ टक्के डिस्कबद्दल कुणीच बोललं नाही. सगळ्यात आधी बंद पडणार ती तीच.

कोटा टीबीवर ठेवा तसाच फाइलींच्या संख्येवरही ठेवा. होमला (प्रत्येकाच्या स्वतःच्या फोल्डरला) ५० जीबी आणि ३ लाख फाइली पुरतात. एकेका कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथन वगैरेच्या पॅकेजांचा संच) हजारोंनी, कधी लाखभर फाइली असतात आणि प्रत्येकाकडे चारपाच पडलेली असतात. सामायिक एन्व्हायर्नमेंट विभागानेच बांधून फक्त वाचण्यापुरतं माउंट करा, नाहीतर ॲपटेनर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या, तिथे सगळा पसारा एकाच फाइलीत मावतो. प्रशिक्षणाची लाखो चित्रं एनएफएसवरून एकेक करून वाचू देऊ नका. टार करून (एका फाइलीत बांधून) ठेवायची आणि जॉब सुरू होताना नोडच्या स्थानिक डिस्कवर सोडायची. नाहीतर जीपीयू नुसता वाट पाहतो आणि बाकीच्यांचं साधं एलएससुद्धा (फाइलींची यादी) अडकतं.

स्क्रॅचवर (तात्पुरत्या फाइलींची जागा) ३० दिवसांनी सफाई ठेवणार असाल तर एमटाइमवर (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ) ठेवू नका. टार सोडताना जुन्या तारखा तशाच येतात, डब्ल्यूगेट ही डाउनलोडची आज्ञाही सर्व्हरवरची तारीख लावतं. काल उतरवलेला डेटासेट आज रात्री साफ. एटाइमही (शेवटचं वाचल्याची वेळ) नको, माउंटला नो-एटाइम असेल तर तो वाचल्यावर बदलतच नाही. सीटाइम (फाइलीची नोंद शेवटची बदलल्याची वेळ) धरा. यादी आधी मालकाला पाठवा, मग फाइली त्याच फाइलसिस्टिमवरच्या कचरा फोल्डरात हलवा (तिथल्या तिथे हलवणं जवळपास फुकट पडतं) आणि १४ दिवसांनी पुसा.

मिळतील त्या डिस्क जागा वाढवण्यात घालू नका, होमच्या बॅकअपला लावा. रेडमुळे (डेटा अनेक डिस्कवर जपायची रचना) डिस्क मेली तरी डेटा तगतो. चुकून मारलेल्या आरएम-आरएफ या पुसायच्या आज्ञेपुढे त्याचा काही उपयोग नाही.

रिकामी_रांग

भार आणि सीटाइम दोन्ही घेतो. दोन शंका उरल्या. एका प्राध्यापकांच्या प्रकल्पातून एक जीपीयू नोड येणार आहे, त्यांना तो स्वतःसाठी राखीव हवाय. आणि दोन वर्षांनी खरेदी समितीपुढे कोणते आकडे ठेवायचे?

अर्धायुष्य

राखीव ठेवा, रिकामा नको. त्या नोडवर दोन पार्टिशन करा: मालकाचं वरच्या प्राधान्याचं, बाकीच्यांचं खालचं, आणि प्रीएम्प्ट मोड रिक्यू. मालकाचा जॉब आला की खालचा उठतो आणि परत रांगेत जातो. ग्रेस-टाइम (उठवण्याआधीची सवलत) ५ मिनिटं द्या. परत लागलेली स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालते, त्यामुळे चेकपॉइंट (मध्येच जतन केलेली प्रगती) शोधून पुढे जाणं स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं हवं. आउटपुट फाइल ‘अपेंड’ने उघडा, नाहीतर आधीचा लॉग पुसला जातो.

कोअर_मोजणी

समितीसाठी मुख्य आकडा रांगेतल्या वाट पाहण्याचा. पार्टिशननिहाय मध्यक काढा, सरासरी नको, दोनचार अडलेले जॉब ती पार बिघडवतात. सुरुवातीच्या वेळेतून ‘एलिजिबल’ (जॉब चालायला पात्र झाल्याची) वेळ वजा करा, ‘सबमिट’ नाही. दुसऱ्या जॉबवर अवलंबून ठेवलेले जॉब सबमिटपासून मोजले तर वाट फुगून दिसते, आणि समितीत हे ओळखणारा एक तरी निघतो.

एनव्हिडिया-एसएमआयचा (जीपीयूची स्थिती दाखवणारी आज्ञा) ‘युटिलायझेशन’ आकडा तसाच पुढे करू नका. त्या काळात कार्डावर काहीतरी चालू होतं एवढंच तो सांगतो, कार्डाचा किती भाग राबत होता ते नाही. विजेचे वॅट आणि वापरलेली मेमरी शेजारी ठेवा. १०० टक्के दिसतंय आणि कार्ड कमाल विजेच्या पाव भागावर, तर बहुधा बॅच (कार्डाला एका वेळी दिलेला डेटा) फार लहान आहे. अशांना गाठून बॅच वाढवायला लावली तर नव्या कार्डाची निकड तेवढी कमी होते.

आणि अकाउंटिंग-स्टोरेज-ट्रेस या सेटिंगमध्ये जीपीयूची नोंद पहिल्याच दिवशी घाला. ती नसेल तर जॉबच्या हिशेबात जीपीयू उतरतच नाहीत, आणि मागच्या महिन्यांचा आकडा नंतर काढून मिळत नाही.