मिरची, अल्सर आणि हृदय

मिरचीबद्दल दोन मतं ऐकू येतात: मिरचीने अल्सर होतो, आणि रोज मिरची खाल्ली की हृदयविकार टळतो. मला दोन्ही पटत नाहीत.

जठरातले बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. तरीही लोक ठेचा सोडतात आणि अंगदुखीच्या गोळ्या मनानेच घेत राहतात, याची मला खरंच काळजी वाटते. मात्र अल्सर आधीच असेल, छातीत जळजळ किंवा मूळव्याध असेल, तर तिखटाने त्रास वाढू शकतो. तिथे हात आखडताच घ्यावा.

हृदयाचं म्हणाल, तर चीन आणि इटलीतल्या मोठ्या पाहण्यांत मिरची खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. पण ते मिरचीमुळेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. मिरचीच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी तर कुणीही बंद करू नका.

मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिन या घटकाचा पक्का उपयोग वेगळाच आहे. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनांवर त्याची पट्टी लावतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तिखट कमी हवं असेल तर मिरची उभी चिरून आतला पांढरा पडदा खरवडून काढा. खरा जाळ तिथेच असतो, बियांत नव्हे. हात चुरचुरले तर आधी तेल चोळा, मग साबण. तोंड भाजलं तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्या.