फोरेन्सिक अकाउंटिंगमधील पदव्युत्तर शिक्षण

प्रश्न (सांगली): मी बी.कॉम. झाले असून मार्केट यार्डात एका हळद अडत्याकडे हिशेबाचे काम पाहते. फोरेन्सिक अकाउंटिंगमध्ये, म्हणजे आर्थिक गैरव्यवहारांच्या तपासाच्या लेखाशास्त्रात, नेहमीच्या एम.कॉम.पेक्षा वेगळे काय शिकावे लागते आणि ते कोठे शिकता येते?

उत्तर (सनदी लेखापाल, सातारा): गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात या विषयाचा एमबीए अभ्यासक्रम आहे. लेखापरीक्षक ताळेबंदावर मत देतो. फोरेन्सिक अकाउंटिंगमध्ये मात्र पैसा कोणत्या खात्यातून कोठे गेला, हे न्यायालयातील उलटतपासणीत टिकेल अशा रीतीने मांडावे लागते. २००९ मध्ये उघडकीस आलेल्या सत्यम या संगणक-सेवा कंपनीच्या प्रकरणात बँकेतील शिल्लकच फुगवलेली होती, म्हणजे कागद जुळतात एवढ्यावर समाधान मानणे किती महागात पडते, हे त्यातून दिसते.

उत्तर (वकील, मिरज): पुराव्याचा कायदा गांभीर्याने अभ्यासावा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर दिला की काम झाले, असे मानणारे पुष्कळ भेटतात. पण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते.

प्रश्न (सांगली): आभारी आहे. गणित कितपत लागते?

उत्तर (सनदी लेखापाल, सातारा): संख्याशास्त्राची ओळख हवी. बेनफोर्डच्या नियमानुसार अनेक प्रकारच्या आकडेवारीत सुमारे ३० टक्के आकडे १ ने सुरू होतात, त्यामुळे रचलेली बिले कधीकधी वेगळी उठून दिसतात. मात्र हळदीच्या दरासारख्या, ठरावीक टप्प्यात फिरणाऱ्या आकड्यांना हा नियम लावू नये, आणि जेथे लागू पडतो तेथेही तो केवळ संशयाची जागा दाखवतो.