फ्रान्सिस्कन संघात जाण्यापूर्वी

प्रश्न (वाशी): धाकट्या भावाला फ्रान्सिस्कन संघात (संत फ्रान्सिसच्या मार्गाने चालणाऱ्या कॅथलिक बंधूंच्या संघात) जायचे आहे. आई म्हणते, धर्मगुरूच व्हायचे तर धर्मप्रांतातच (बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशात) राहावे. नेमका फरक काय?

उत्तर (ठाणे): संघातला प्रत्येक बंधू धर्मगुरू होतोच असे नाही, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते घेऊन इतर बंधूंसोबत मठात राहणे हेच त्याचे पाचारण (देवाचे बोलावणे) असते, आणि कमरेच्या दोरीच्या तीन गाठी या व्रतांच्याच असतात. आईंना सांगा, घाई कोणी करत नाही: किमान 1 वर्ष नॉव्हिशिएट (व्रतांपूर्वीचा प्रशिक्षणाचा काळ), मग किमान 3 वर्षे तात्पुरती व्रते, त्यानंतरच आजीवन.

उत्तर (कळवा): 1321 मध्ये ठाण्यातच चार फ्रान्सिस्कनांना हौतात्म्य आले, हे भावाला जरूर सांगा. त्याने आधी काही दिवस मठात राहून पाहावे. प्रार्थनेइतकीच तिथे भांडी घासण्याची आणि वृद्ध बंधूंच्या शुश्रूषेची तयारी लागते.