केस गाळणाऱ्या कुत्र्याच्या घरात बिनवायरची स्टिक पुरते का?

रानवारा (धागाकर्ता)

आमच्याकडे लॅब्रेडोर आहे आणि ती बाराही महिने केस गाळते. अशा घरासाठी कुठला व्हॅक्यूम घ्यावा असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘कॉर्डलेस स्टिक (बॅटरीवर चालणारा, दांड्याचा हलका व्हॅक्यूम) वरवरच्या सफाईला ठीक, पण मुख्य यंत्र वायरवालंच घ्या.’ मला हे पटत नाही. माझ्या मते कुत्र्याच्या घरात मुख्य यंत्र स्टिकच असावी, आणि तिला नापास करणारे बहुतेक जण तिची परीक्षाच चुकीची घेतात.

आधी केसांबद्दल. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, हस्की, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ, सरळ केस आणि खाली मऊ, दाट लव. दिवस लहान-मोठा होऊ लागला की ही लव झपाट्याने गळते. घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या कुत्र्यांचं हे ऋतुचक्र विस्कटतं आणि थोडेथोडे केस वर्षभर पडत राहतात. दोन्ही थरांचा त्रास वेगळा. लव हवेवर तरंगते, कपाटाखाली आणि दारामागे तिचे पुंजके जमतात. ते उचलायला फारसा जोर लागत नाही. राठ केस मात्र सुईसारखे कापडात शिरतात. पहिल्या दिवशी ते गालिच्यावर नुसते पडलेले असतात. त्यांच्यावरून माणसं चालली, कुत्रा लोळला, की विणीत रुततात आणि मग कुठल्याही यंत्राला जड जातात.

आठवड्यातून एकदा बाहेर निघणारं दणकट यंत्र या रुतलेल्या केसांशी झगडतं. भिंतीवर टांगलेली स्टिक रोज हातात येते आणि केस रुतायच्या आत उचलते. माझा सगळा भर यावर आहे.

आता परीक्षेबद्दल. डब्यात जमलेला कचरा तोलून काही कळत नाही. रेती जड असते, केस वजनाला जवळपास काहीच नसतात, त्यामुळे काटा फक्त रेतीचं वजन सांगतो. अमेरिकेतली गालिच्यांसाठीची एएसटीएम एफ६०८ ही प्रमाणित चाचणीसुद्धा रेती आणि टाल्कच्या मिश्रणावर होते. तिच्यात केस नसतातच. मी कुत्रीला विंचरून निघालेले केस तोलून घेतो, गालिच्याच्या आखलेल्या भागावर पसरतो, त्यावरून चांगला चालतो आणि मग यंत्र सावकाश एकदा पुढे, एकदा मागे नेतो. त्यानंतर रबरी हातमोज्याने तोच भाग खरवडायचा आणि जे निघेल ते तोलायचं. यंत्राने काय घेतलं यापेक्षा काय मागे सोडलं ते बघा.

हीच चाचणी डबा खुणेपर्यंत भरलेला असताना पुन्हा करायची. रिकाम्या डब्याने घेतलेली परीक्षा किती फसवी असते याचा निवाडा न्यायालयात झालेला आहे. युरोपीय संघाच्या ऊर्जा-लेबलासाठी व्हॅक्यूम रिकाम्या पिशवीने किंवा डब्याने तपासले जायचे. त्यावर डायसन कंपनी न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ते लेबलच रद्द ठरवलं.

माझ्या घरातला निकाल: उघड्या फरशीवर मधल्या वेगात काहीही उरत नाही. आखूड धाग्याच्या गालिच्यावर त्याच दिवशीचे केस साफ निघतात. सोफ्यावर मोटर असलेला छोटा ब्रश लावला तर उत्तम, नुसत्या नळीने हात दुखतात आणि केस जागेवरच राहतात. भरलेल्या डब्याने मात्र जोर जाणवण्याइतका घटतो, म्हणून डबा अर्धा भरला की रिकामा करायचा.

तांबडीतार

असहमत. चाचणीची पद्धत आवडली, निष्कर्ष नाही.

बॅटरीचं गणित मांडतो. सात लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडले की २५.२ व्होल्ट मिळतात. क्षमता २.५ अँपिअर-तास धरली तर साठा झाला ६३ वॅट-तास. बूस्टला, म्हणजे सगळ्यात जोरदार वेगाला, मोटर ५०० वॅट खात असेल तर बॅटरी साडेसात मिनिटांत संपते. खोक्यावर छापलेली ‘६० मिनिटं’ हवी असतील तर सरासरी ६३ वॅटवर चालवावी लागेल, आणि तीही बहुतेक वेळा मोटरचा ब्रश न लावता मोजलेली असतात. कुत्र्याच्या घरात मोटरच्या ब्रशशिवाय काम होत नाही, हे तुम्हीच वर लिहिलं आहे.

वायरवाल्या यंत्राला ही मर्यादा नाही. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा आहे, तेवढ्यात बसणारी यंत्रंसुद्धा पहिल्या खोलीत जितका जोर लावतात तितकाच शेवटच्या खोलीत लावतात.

आणि जाहिरातीतल्या किलोपास्कलच्या, म्हणजे ओढीच्या दाबाच्या, आकड्यांवर जाऊ नका. तो आकडा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. तेव्हा हवा वाहत नसते, म्हणजे कामही शून्य. दाब आणि वाहती हवा यांचा गुणाकार, म्हणजे एअर वॅट, तो बघायला हवा.

रानवारा

किलोपास्कलबद्दल पूर्ण सहमत, तो आकडा जाहिरातीतून काढूनच टाकायला हवा.

पण फरशीवरचा केस उचलायला बूस्ट लागतो कुठे? केस उपटून वर आणायचं काम तोंडाशी फिरणारा रोलर (ब्रशचा दांडा) करतो, हवा त्याला फक्त डब्यापर्यंत पोहोचवते. म्हणून रोलर चांगला असेल तर मधला वेग पुरतो. तुमचेच ६३ वॅट-तास घ्या आणि सरासरी १२० वॅट धरा: अर्धा तास झाला. रोज अर्धा तास व्हॅक्यूम फिरवणारं घर मी पाहिलेलं नाही. बूस्ट फक्त सोफा आणि गालिच्याची कड यांच्यापुरता.

निळीशाई

धागाकर्ते, तुम्ही केस मोजता आहात. आमच्या घरात एकाला कुत्र्याची ॲलर्जी आहे, म्हणून हे फार कळकळीने लिहिते: ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेतून आणि त्वचेच्या कोंड्यातून येणारी प्रथिनं ती आणतात. त्यातलं मुख्य ‘कॅन एफ १’. ते धुळीच्या बारीक कणांना चिकटून हवेत राहतं. फरशीवर एकही केस दिसत नाही म्हणून तुमची स्टिक पास झाली असेल, पण मागच्या जाळीतून ती काय बाहेर फेकते ते तुमच्या चाचणीत कुठेच नाही.

हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर, पण हा गुण त्या कागदाचा आहे. डबा आणि फिल्टर यांच्या सांध्यातून हवा निसटत असेल तर कागद कितीही चांगला असून उपयोग नाही. यंत्र अख्खं सीलबंद हवं, आणि तसं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं हवं.

आणि डबा रिकामा करतानाचा तो धुरळा! लव डब्यात घट्ट बसते, ठोकून किंवा बोटांनी ओढून काढावी लागते, आणि अडवलेलं सगळं पुन्हा तोंडावर येतं. पिशवीवालं यंत्र इथे निर्विवाद सरस. पिशवीचं तोंड बंद करायचं आणि टाकून द्यायची.

दोरखंड

निळीशाई यांच्याशी पिशवीच्या बाबतीत सहमत, पण ज्यांच्या घरी ॲलर्जी नाही त्यांनी डब्याला घाबरू नये. डब्यातून पिसवा परत बाहेर येतील ही भीती तरी काढून टाका. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मांजरपिसवांवर प्रयोग केला होता (कुत्र्याच्या अंगावरही बहुधा हीच जात सापडते). व्हॅक्यूममध्ये ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या आणि त्याआधीच्या अवस्थांतल्या सगळ्याच मेल्या.

मला धागाकर्त्यांच्या चाचणीत दुसरीच गोष्ट कमी वाटते. सगळे रोलरच्या मधल्या भागाकडे बघतात, तिथे केस गुंडाळले नाहीत की ‘गुंतत नाही’ म्हणून शाबासकी देतात. गुंडाळले जातात ते लांब केस, म्हणजे बहुतेकदा माणसांचे. कुत्र्याचा आखूड केस गुंडाळला जात नाही, तो रोलरच्या टोकाला, बेअरिंगच्या टोपीत शिरतो आणि तिथे दाबला जाऊन घट्ट चकती बनते. रोलर जड फिरू लागतो, मोटर जास्त वीज ओढते, बॅटरी लवकर संपते आणि माणूस बॅटरीला दोष देतो. टोकाची टोपी नाण्याने किंवा हाताने उघडत नसेल तर ते यंत्र कुत्र्याच्या घराचं नाही, एवढं सरळ मत आहे माझं.

दुसरं ठिकाण म्हणजे डब्यातली जाळी. लव तिच्याभोवती पांघरुणासारखी बसते. डबा पाऊणसुद्धा भरलेला नसतो आणि हवा अडलेली असते. डब्यावरची खूण धुळीसाठी ठीक, लवेसाठी तिला काही अर्थ नाही. प्रत्येक वेळी जाळी पुसा. आणि फिल्टर धुतला की निदान २४ तास वाळू द्या. ओला फिल्टर बसवला की आधी वास येतो, मग मोटर जाते. जोडीला दुसरा फिल्टर ठेवा म्हणजे घाई होत नाही.

पाऊलखुणा

इथपर्यंत कुत्र्याचं कोणीच बोललं नाही, त्याचं वाईट वाटलं.

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ च्या आसपास. काही स्टिकच्या मोटरी मिनिटाला १,२५,००० फेऱ्या घेतात. म्हणजे सेकंदाला जवळपास २,०८३. पंख्याला ९ पाती असतील तर पात्यांचा सूर १८.७ किलोहर्ट्झच्या घरात जातो, १३ असतील तर २७ च्या. दुसरा सूर आपल्याला ऐकूच येत नाही आणि आपण यंत्राला ‘शांत’ म्हणतो. कुत्र्याला तो ऐकू येतो. खोक्यावरचं डेसिबल माणसाच्या कानासाठी मोजलेलं असतं.

म्हणून पहिली चाचणी कुत्र्यावर. यंत्र बंद ठेवून वास घेऊ द्या, मग दुसऱ्या खोलीत चालू करा, कान मागे पडतात का, जांभया देतो का, जीभ फिरवतो का ते बघा. त्याच्या अंगावर नळी लावायचा विचार तर तो स्वतःहून जवळ येऊन बसेपर्यंत करू नका. रानवारा म्हणतात रोज फिरवा. घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी ती रोजची भीती आहे. त्यापेक्षा रोज विंचरा. अंगावरून काढलेला केस गालिच्यापर्यंत पोहोचतच नाही. फक्त केस कमी व्हावेत म्हणून दोन थरांच्या कुत्र्याची हजामत करू नका, तो थर त्याला ऊन आणि थंडी दोन्हींपासून जपतो. टक्कल दिसेल इतके केस गळत असतील तर पशुवैद्याकडे न्या.

रानवारा

पाऊलखुणा, कुत्र्याच्या कानांचा मुद्दा माझ्या चाचणीत पहिल्या क्रमांकावर घेतो, तो तिथेच हवा. विंचरणं तर चालूच आहे, पण कितीही विंचरलं तरी ती सोफ्यावरून उठली की जागा दिसते.

दोरखंड, टोपी उघडून पाहिली. आतल्या केसांची अगदी तुम्ही वर्णन केलीत तशी चकती झाली होती. काढल्यावर रोलरचा आवाजच बदलला.

निळीशाई, ॲलर्जी असलेल्या घराला मी स्टिक सुचवणार नाही. माझं म्हणणं ॲलर्जी नसलेल्या घरांपुरतं धरा.

निळीशाई

तसं असेल तर ते धाग्याच्या पहिल्याच ओळीत हवं. शीर्षक वाचून यंत्र घेणारा माणूस इथपर्यंत खाली येत नाही. आणि कोणाला ॲलर्जी आहे हे पुष्कळदा कुत्रा आल्यावर महिन्यांनी कळतं.

तांबडीतार

मी अजून माझ्याच मतावर आहे. रोज वापर म्हणजे रोज चार्जिंग. लिथियम-आयन सेल साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर ८० टक्क्यांवर येतात. रोज बॅटरी पूर्ण संपवणाऱ्या घरात हे दोन वर्षांच्या आत होतं, म्हणजे तुमचा मधला वेगही तेव्हा तितका वेळ टिकणार नाही. वायरीला वय नसतं.

रानवारा

पूर्ण संपवलीच नाही तर आवर्तन पूर्ण मोजलं जात नाही. अर्धी वापरून दोनदा लावली की एक. आणि बॅटरी खटक्यासरशी निघणारी हवी, ही माझी पहिल्यापासूनची अट आहे. आत स्क्रूने बंद केलेली बॅटरी असेल तर ती स्टिक कोणीच घेऊ नये. ओल्या घाणीवर, पिल्लाच्या लघवीवर स्टिक फिरवू नका, हेही लिहायचं राहिलं होतं.

तांबडीतार

ठीक. मग एकाच गालिच्यावर दोन्ही यंत्रं होऊन जाऊ देत. आमच्याकडे जर्मन शेफर्ड आहे, केसांची कमतरता नाही. अर्ध्या भागावर रोज स्टिक, अर्ध्यावर आठवड्याअखेर वायरवालं. दोन्ही भागांत कुत्रा सारखाच लोळला पाहिजे, म्हणून त्याची गादी बरोबर मध्यावर ठेवतो. शेवटी हातमोजा आणि वजनकाटा.

दोरखंड

स्टिकचा डबा रोज रिकामा करणार की भरू देणार, ते आधी ठरवा. त्यावर सगळा निकाल फिरेल.

तांबडीतार

भरू देणार. बहुतेक लोक भरूच देतात.

रानवारा

मग वायरवाल्याची पिशवीही नवी लावू नका, अर्धी भरलेलीच राहू द्या. आणि गालिचा आखूड धाग्याचा आहे की लांब? लांब धाग्याचा असेल तर रोलर त्यात रुतून थांबतो. तसं असेल तर फिरवण्याआधीच सांगा.