अनुभव सांगा : आश्रमात ज्यांनी सांभाळलं, त्या मावश्या

केडगावच्या मुक्ती मिशन या निराधार बायका-मुलींच्या आश्रमाचं नाव निघालं की पंडिता रमाबाई आठवतात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, पुढे गुजरातच्या छप्पनिया म्हणतात त्या १८९९-१९०० च्या दुष्काळातल्याही आल्या. या नव्या मुलींना न्हाऊ घालणं, उवा काढणं, पेज भरवणं हे मात्र रमाबाईंच्याच शारदा सदन या शाळेतल्या मोठ्या मुलींनीच अंगावर घेतलं. त्यातल्या बहुतेकींची नावं आपल्याला माहीत नाहीत. तुम्हाला अशा कुणी ख्रिस्ती बाईनं वाढवलं असेल, किंवा तुम्हीच हे काम करत असाल, तर लिहा. संस्थेचं नाव नको. गोड-कडू दोन्ही चालेल.

अहिल्यानगर जिल्हा

आम्ही तेवीस जणी. मावशी संध्याकाळी मुली मोजायची नाही, दारातल्या चपला मोजायची. म्हणायची, "पोरी लपतात गं, चपला कुठं लपतात?" एक जोड कमी भरला की कंदील घेऊन विहिरीकडं पळायची. शनिवारी ओळीनं बसवून डोक्याला तेल. माझ्या केसांत जटा असायच्या, त्या तिनं कधी कापल्या नाहीत, बोटांनी सोडवल्या. त्या नादात भाकरी करपायची, मग सगळ्या माझ्यावर चिडायच्या.

अठरा पूर्ण झाली, निघायची वेळ आली. मावशीनं स्टीलचा डबा घेतला आणि त्यावर नाव घालायला बाजारात नेलं. दुकानदारानं विचारलं, "आडनाव?" मी गप्प. कागदोपत्री जे होतं ते कुणी साहेबांनी भरलेलं. मावशीनं स्वतःचं सांगितलं, वर "नीट घाला, अक्षर पुसट नको" म्हणून त्याला दटावलं. तिला लग्न नव्हतं, मूल नव्हतं. डबा अजून आहे, त्यात साखर असते.

वसई

मी लहानपणी सिस्टरांकडे होतो. गोवर आला तेव्हा आठ-नऊ पोरं एका खोलीत. एक म्हातारी सिस्टर रात्रभर चमच्यानं पाणी पाजत होती. प्रार्थना वगैरे तिनं आमच्या कानावर घातलीच नाही, सकाळी फक्त म्हणाली, "मुतलास का? बरं झालं." आता मी स्वतः वॉर्डात नोकरी करतो आणि रुग्णाला पहिलं हेच विचारतो.

नाव नको

सगळंच गोड नव्हतं, म्हणून लिहिते. आमच्याकडे बाहेरून आलेली पत्रं फोडून वाचत. माझ्या आजीची दोन मला मिळालीच नाहीत, हे पुढं कळलं. उपासनेत डुलकी लागली तर जेवण उशिरा. त्यातही स्वयंपाकाच्या बाई पदराखाली भाकरीचा चतकोर आणून द्यायच्या. त्याही चर्चच्या मंडळीतल्याच, रोज ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणणाऱ्या. पत्रं फोडणाऱ्यांना आणि त्यांना एका मापानं कसं मोजू?

पुणे

मी सध्या शिशुगृहात मावशी आहे. आता सगळं कागदावर: बालकल्याण समिती, वैद्यकीय तपासणी, दत्तकाला 'कारा' या केंद्रीय दत्तक संस्थेकडं नोंदणी. ते हवंच, पूर्वी कुणीही मूल उचलून नेई. पण बाळ जायच्या दिवशी मी फाटकापर्यंत जात नाही. झबली धुऊन, घडी करून देते, एक न धुतलेलं वर ठेवते. नव्या घरी त्याला ओळखीचा वास हवा ना. मॅडम म्हणतात, आज सुटी घ्या. कशी घेऊ? आत अकरा जणं दुधासाठी ओरडत असतात.

दौंड

अहिल्यानगरच्या ताई, चपलांचं वाचून हसले आणि मग रडले. आमच्याकडे ताटं मोजायच्या. एक जास्तीचं कायम वाढलेलं असायचं, कुणी रात्री आलं तर म्हणून. एका रात्री त्या ताटावर मीच जेवले, तीन वर्षांची होते म्हणे. काय वाढलं होतं ते विचारायचं राहून गेलं.