शब्दचर्चा: ‘निलंबित चेंडू’ला काय म्हणावं?

प्रश्न: अल्बेर्तो जाकोमेत्ती या स्विस शिल्पकाराच्या अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्न आणि सुप्त मनातून कला घडवण्याच्या) काळावर लिहितो आहे. निमित्त पॅरिसच्या जाकोमेत्ती इन्स्टिट्यूटमध्ये २०२२ साली त्याच्या आणि कवी आंद्रे ब्रतोंच्या मैत्रीवर भरलेल्या प्रदर्शनाचं. १९३०-३१च्या त्याच्या ‘बूल स्युस्पांद्यू’ या शिल्पाच्या फ्रेंच नावाचं भाषांतर यंत्राने ‘निलंबित चेंडू’ असं केलं. पर्याय सुचवा.

– निलंबित केलात तर चौकशी समितीही नेमा! सरळ ‘टांगलेला गोळा’ म्हणा.

– काका, टांगलेला सदरा असतो. शिल्प बघा ना: सळ्यांचा उघडा पिंजरा, त्यात दोरीने सोडलेला गोळा, गोळ्याच्या पोटाला खाच. खाचेखाली धारेची कड वर करून एक चंद्रकोर आडवी ठेवलेली. गोळा हलवला की कोरेवरून सरकेल असं वाटतं, पण दोघांची गाठ धड पडत नाही. चित्रकार दाली आणि ब्रतों भाळले ते ह्यावरच. ही अस्वस्थता ‘टांगलेला’त कुठे आहे?

– मग ‘अधांतरी गोळा’?

– दोरी दिसत असताना अधांतरी कसा? ‘झुलता’ म्हटलं की पाळणा आठवतो, ‘लोंबता’ तर फारच ढिसाळ. ‘टांगता’ घ्या. टांगत्या तलवारीमुळे त्या शब्दाला धास्ती आपोआप चिकटलेली आहे. आणि गोळाच हवा, चेंडू नको. चेंडू टप्पा खातो.

– जाता जाता: ‘अतिवास्तव’मुळे हुबेहूब नक्कल केलेलं शिल्प असा समज होत नाही का?

– होतो. पण शब्द रुळलाय, आता नवा पाडून घोळ वाढेल.

प्रश्नकर्ता: ‘टांगता गोळा’ पक्कं, ताई. आता १९३१चं ‘ऑब्जे देझाग्रेआब्ल’. लाकडाचा लांबट, सुळ्यासारखा आकार, एका टोकाला काटे. ‘नकोशी वस्तू’ कसं वाटतं?

– अर्थ बसतो, पण मराठीत ‘नकोशी’ हे मुलींचं नाव होतं हो. २०११मध्ये साताऱ्यात दोनशेंहून जास्त नकुशींना नवी नावं दिली गेली. वाचकाचं मन तिकडे जाईल आणि शिल्प बाजूला राहील. ‘अप्रिय’ पुस्तकी आहे, तरी मी तेच घेईन.

– ‘नावडती वस्तू’?

– म्हणजे आवडती दुसरीकडे नांदते आहे! नको. ‘अप्रिय’च ठेवा.