२०१९ चा महापूर : अलमट्टीनं बुडवलं की आपणच?

शिरोळकर
कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची समुद्रसपाटीपासून ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय परत निघालाय. माझा ठाम विरोध आहे. ऑगस्ट २०१९ ला आमच्या गावात शिरलेलं पाणी आठ दिवस हललं नाही. वडिलांनी म्हशींची दावी विळ्यानं कापली आणि त्यांना पाण्यात सोडलं. तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरीचं दावं अजून गोठ्यात खुंट्याला आहे. खाली कुणी पाणी तुंबवून धरल्याशिवाय ते इतके दिवस राहतं होय?

गावभागवाला, सांगली
दादा, तुमच्या नुकसानीबद्दल वादच नाही. पण या पुराचा अभ्यास करायला महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात अलमट्टी आणि कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्यामुळे पूर आला नाही, असंच म्हटलंय. अतिवृष्टी आणि पूररेषेतली बांधकामं, ही कारणं. आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आमच्याकडं २००५ ला जिथं छातीभर पाणी होतं, तिथंच पुढं मुरूम टाकून घरं उठली. ओढा होता तिथं आज गल्ली आहे. हे कर्नाटकनं केलं का?

शिरोळकर
अहवाल मला पटलेला नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला फुग येते, म्हणजे तिचं पाणी मागं तुंबतं, हे आमच्याकडं शाळकरी पोरगंही सांगेल. त्याच्या खाली राजापूर बंधारा, हिप्परगी, मग अलमट्टी. वर आणखी साडेचार मीटर चढवायचे म्हणता!

नदीपलीकडचा
मी कागवाड तालुक्यातला. घरात मराठी, रेशनकार्ड कर्नाटकचं. "कर्नाटकनं बुडवलं" हे वाचलं की जीव कासावीस होतो, कारण त्याच आठवड्यात आमचीही घरं पाण्यात होती. कोयनेतनं विसर्ग वाढला की आमच्या कट्ट्यावर "महाराष्ट्रानं पाणी सोडलं" म्हणतात. तुम्ही आमच्याकडं बोट दाखवता, आम्ही तुमच्याकडं. पाणी उतरल्यावर पहिल्या भाकरीच्या बुट्ट्या आल्या त्या तुमच्याच तालुक्यातनं, लांबच्या वाटेनं, ट्रॅक्टरवर. घरात गुडघाभर गाळ होता. माझ्या आईनं ती भाकरी उभ्यानंच खाल्ली.

गावभागवाला, सांगली
याला जोडून सांगतो. जून २०२१ मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, विसर्गाचं दोन्ही राज्यांनी ठरवून करायचं म्हणून. तरी जुलैत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेलं, २०१९ पेक्षाही जास्त. घाटमाथ्यावर तसा पाऊस कोसळला की नदी तेवढी वाढणारच. म्हणून म्हणतो, आधी तिच्या वाटेतली घरं आणि भराव बघा.

शिरोळकर
पावसाचं मान्य. भरावाचंही मान्य, आमच्याकडच्या रस्त्यांचे भराव मीही बघतोय. पलीकडच्या भाऊ, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. आमच्या गल्लीतनंही भाकरी गेली होती, कुठं पोचली ते आज कळलं. उंचीला विरोध मात्र मी सोडणार नाही. आणि एक मागणी दोन्हीकडच्या गावांनी मिळून करूया : कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची पातळी पावसाळाभर रोज सकाळी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा माणसं गळ्याशी आलेल्या पाण्यातनं निघत होती. दोन दिवस आधी निघाली असती, तर चालत गेली असती.

नदीपलीकडचा
आमच्या पंचायतीत मी अर्ज देतो. मजकूर पाठवा, कन्नडमध्ये मी करून घेतो.